दाराकडची बाजू

माझं लिव्हर एका रात्रीत बरं झालं. माझी बायको शालन जाऊन तेव्हा महिना होत आला होता.

सकाळी चहा टाकत होतो, तेवढ्यात स्नेहलचा पुण्याहून फोन आला. तिला आधी रडूच आवरेना. आई गेली तेव्हाही माझी मुलगी माझ्यासमोर रडली नव्हती.

"पप्पा, पाच आलंय. पट्टीचं रात्रीचं रीडिंग पाच."

"मग?"

"मग काय पप्पा. नॉर्मल आहे हे. तेरा होतं तुमचं."

मी गॅस बंद केला. तिला आनंद झालाय एवढं कळलं. बाकी काही कळलं नाही.

पट्टी म्हणजे काय, ते आधी सांगतो. आता ती बऱ्याच घरांत आहे, पण आत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. मलाही माझ्या धंद्याच्या भाषेतच कळलं. कराडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मोटारीचं बेअरिंग जायला लागलं की बाहेरून काही दिसत नाही. मोटार फिरते, पाणी ओढते. अशा वेळी आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला लावतो आणि मूठ कानाला. आतली थरथर कानात येते आणि बेअरिंग चांगलं की खराब ते समजतं. मोटार खोलावी लागत नाही.

लिव्हरचंही तसंच. त्यात चरबी साठते, दारूचा थेंब न घेणाऱ्याच्याही. वर्षानुवर्षं साठून राहिली की लिव्हर सुजतं, आणि ती सूज भरून येताना आत जखमेच्या वणासारखं निबर जाळं धरतं. हे सगळं होताना दुखत नाही. जाळं थोडं असेल तर माणूस वजन उतरवून, औषध घेऊन मागे येऊ शकतो. फार झालं की लिव्हर दगडासारखं होतं, रक्त त्यातून नीट जात नाही, आणि ते दुसऱ्या वाटा फोडतं. पूर्वी हे बघायला पोटात सुई घालून लिव्हरचा तुकडा काढायचे. मग पोटावर यंत्र टेकवून थरथर सोडायची पद्धत आली. मऊ लिव्हरमधून थरथर सावकाश जाते, निबर झालेल्यातून वेगाने. तो वेग मोजला की झालं.

पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की बाहेरून थरथर कशाला सोडायची. हृदय लिव्हरला टेकूनच बसलंय. प्रत्येक ठोक्याला लिव्हर हादरतंच. तो हादरा पकडता आला तर माणसाला हातही लावायला नको. त्यातून ही पट्टी निघाली. गादीखाली अंथरायची, पातळ रबरी कापडासारखी. आपण झोपायचं. रात्रभर ती ठोके ऐकते आणि सकाळी एक आकडा देते. त्या आकड्यापुढे किलोपास्कल असं लिहिलेलं असतं, पण घरात आम्ही नुसता आकडाच बोलायचो, ताप किती आहे ते बोलतो तसा. सहाच्या आत ठीक. दहाच्या वर गेला की काळजी.

डबल बेडच्या पट्टीला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला एक नाव. वजन, उंची तिला समजत नाही. या बाजूचा हा, त्या बाजूची ती, एवढंच समजतं.

आमच्या घरी पट्टी स्नेहलने पाठवली. पहिल्याच महिन्यात शालनचा आकडा पाच आला आणि माझा अकरा. त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. तेल गेलं, साखर गेली, भात वाटीवर आला. दुधी, दोडका, उकडलेलं कडधान्य. शालन माझ्या ताटाकडे पोलिसासारखी बघायची. स्नेहल रोज सकाळी आकडा बघून फोन करायची. मी बडबडायचो, "दोघी मिळून मला कोंडून घातलंय." शालन म्हणायची, "कोंडलंय तर कोंडलंय. जिवंत तर राहाल."

मला संध्याकाळी चालायला न्यायची. मी पुढे, ती मागे. नंतर नंतर ती कोपऱ्यावरच्या पारावर बसून राहायला लागली. "तुम्ही या जाऊन, मी बसते." तिचे पाय सुजायचे. तळहात लाल दिसायचे, अंगाला खाज सुटायची. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तिचा आकडा बघितला. पाच. मग रक्त कमी आहे म्हणाल्या, वयाचं म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. माझा आकडा तेरावर गेला होता. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. शालनचंही.

एका सकाळी ती मोरीत रक्ताची उलटी करून खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर पूर्ण गेलेलं आहे. एकाने हळूच विचारलं, पेशंट घेत होत्या का. माझ्या बायकोने आयुष्यात कोकम सरबतापलीकडे काही घेतलं नव्हतं.

पट्टीच्या कंपनीने शोकाचा निरोप पाठवला आणि कळवलं की हजारात एखादं मोजमाप हुकतं. मग त्यांनी पट्टीची शालनच्या नावाची बाजू बंद केली.

दहावं-बारावं झालं आणि आणखी आठवडाभर राहून स्नेहल पुण्याला परत गेली. चार दिवसांनी तिचा फोन. "पप्पा, रीडिंगच येत नाही. कुठे झोपता?"

"पलंगावरच."

"हॉलमध्ये झोपत असाल. खरं सांगा. हे बघा, आई गेली. आता तुमच्याकडे दुर्लक्ष करून मला चालणार नाही. तुमच्या बाजूला झोपा."

मी भिंतीकडे झोपत होतो, पहिल्यापासून झोपतो तसा. शालन दाराकडे झोपायची. ती बाजू मोकळी होती आणि तिकडे बघायला नको म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. मला वाटलं, त्यांनी चुकून हीच बाजू बंद केली असेल, आता चालू आहे ती तिकडची. दोन दिवस टाळलं. पोरीचे फोन थांबेनात. शेवटी शालनच्या जागी झोपलो. पलंगाच्या कडेला हात गेला तर बोटांना टिकल्या लागल्या. रात्री झोपताना कपाळाची टिकली काढून ती तिथेच चिकटवायची. कितीतरी होत्या.

सकाळी पाच आलं.

स्नेहल त्याच आठवड्यात मला डॉक्टरीणबाईंकडे पाठवून स्वतः फोनवर हजर राहिली. डॉ. पाटणकर एरवी मोजकं बोलणारी बाई, पण त्या दिवशी खुर्चीवरून उठल्या.

"थोरवडे, हे मी बघितलेलं नाही. तेराचा माणूस महिन्यात पाचवर येत नाही. काय केलंत?"

"काही नाही केलं. जेवण जात नव्हतं."

"मॅडम, आईने दोन वर्षं पथ्य सांभाळलं त्यांचं," स्नेहल फोनमधून म्हणाली. "त्याचं फळ आहे हे." तिचा आवाज भरून आला. "आई गेली, पण पप्पा वाचले. पट्टी घेतली नसती तर मी दोघांनाही घालवलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावाची रेघ अकरावरून हळूहळू तेरावर चढली होती. मग शालन दवाखान्यात गेली त्या दिवशी तुटली, आणि महिन्याने पाचवर परत सुरू झाली.

"इथेही एक खंड आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या मे महिन्यात. गावाला गेला होता का?"

मे महिन्यात शालनच्या भाच्याचं लग्न होतं, इस्लामपूरला. ती आधी मदतीला गेली. दुकानाचं काम अडलं होतं म्हणून मी थेट लग्नाच्या दिवशी गेलो आणि रात्री तिला घेऊन परतलो. त्याआधीच्या रात्री मी घरीच होतो, माझ्या पलंगावर. गावाला शालन गेली होती.

"शालनची रेघ दाखवता का जरा," मी म्हणालो.

त्यांनी दाखवली. सरळ पाच. मे महिन्यात कुठेही तुटलेली नव्हती.

तेराचा आकडा माझा कधीच नव्हता. ते तेल-साखर बंद, ते चालणं, सगळं माझ्या वाट्याला आलं, आणि आजार माझ्या शेजारी झोपत होता. माझं ताट करून, मला चालायला लावून, स्वतः पारावर बसत होता.

"पप्पा, ऐकताय ना?" स्नेहल म्हणाली.

"ऐकतोय," मी म्हणालो.

घरी आलो आणि दोन वर्षांपूर्वी पट्टी बसवून गेलेल्या इरफान तांबोळीला बोलावून घेतलं. चांगला मुलगा आहे. शालनने त्याला त्या दिवशी पोहे खायला घातले होते, हे त्याच्या लक्षात होतं.

"बाजू कुणी सांगितली तुला?" मी विचारलं.

"काकींना विचारलं होतं मी. कोण कुठं झोपतं म्हणून. त्या लाजल्या. म्हणाल्या, तुझं तू बघ की रे. तुम्ही दुकानात. मग खातं ज्यांच्या नावावर आहे त्या ताईंना फोन लावला."

"स्नेहलला."

"हां. त्या गडबडीत होत्या. म्हणाल्या, आई डावीकडे, बायको डावीकडेच असते ना, लग्नात बसते तशी." तो थांबला. "का काका?"

मी सांगितलं. तो उठला आणि परत बसला.

"काका," तो म्हणाला, "त्यानंतर मी कुणाच्या घरी विचारलंच नाही. बायामाणसांना असलं विचारायला मला कसंतरी वाटायचं. ताई शिकलेल्या, त्या म्हणतायत म्हणून डावीकडं बायको टाकत गेलो. सगळ्या तालुक्यात. त्यातली निम्मी तर उलटी असतीलच."

मी त्याला म्हटलं, कंपनीला सांग. तो म्हणाला, सांगतो, पण कंपनी खातेदाराचं ऐकते, फिटरचं नाही. आणि चूक दाखवली की ते फोनवर नावं बदलून देतात, ग्राहकाने चुकीची माहिती दिली म्हणून विषय मिटवतात. सगळी घरं तपासायला लावायची तर एखादं माणूस जाईपर्यंतची पूर्ण नोंद दाखवावी लागेल. तशी नोंद आमच्या घरची होती. आणि ती उघडायला खातेदाराची परवानगी लागणार होती.

म्हणजे स्नेहलची.

पोरगी ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे पट्टीने पप्पांना वाचवलं. मी तोंड उघडलं तर तिला दोन गोष्टी कळणार होत्या. पप्पा आजारी नव्हतेच. आणि आईचा आजार रोज सकाळी तिच्याच फोनवर येत होता, चुकीच्या नावाने, तिने सांगितलेल्या नावाने. मी ठरवलं, गप्प बसायचं. बरा झालेला माणूस म्हणून जगायचं. कंपनीला जाहिरातीसाठी माझा फोटो हवा होता, तोही दिला. फोटोवाला म्हणाला, जरा हसा काका.

पण शेजारी बापू काळे होता.

आमची घरं एकाच बिल्डरची, एकाच नकाशाची. पलंगही त्याच जागी, पट्टीही इरफाननेच बसवलेली. बापू काटकुळा, रोज सकाळी टेकडी चढणारा. त्याचा आकडा बारा होता. आणि मंगलवहिनी, शालनची मैत्रीण, पाचवर. ती पायऱ्यांवर बसून हात खाजवताना दिसली आणि मला शालनची खाज आठवली.

परक्याच्या बायकोला ती कुठे झोपते हे कसं विचारणार? मी बापूला गाठलं.

"बापू, तू पलंगावर कुठल्या अंगाला झोपतोस?"

"आं?"

"भिंतीकडं की दाराकडं?"

"हणमंतराव, वहिनी गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही."

"सांग ना."

"भिंतीकडं. मंगल दाराकडं असती. तिला पहाटे पाणी भरायला उठायचं असतंय, मला ओलांडून जाईल व्हय?"

"आज तू तिच्या जागी झोप."

"आणि ती?"

"ती भिंतीकडं."

"लोकांना कळलं तर काय म्हणतील?" तो हसला. मी हसलो नाही. मग तोही थांबला.

सकाळी बापू फोन घेऊन आला, आणि आधी खूशच होता. "माझं पाच आलं. एका रात्रीत. आता भजी खातो का नाही बघ." मग म्हणाला, "पण मंगलचं बारा का दाखवतंय?" आणि माझ्या तोंडाकडे बघत तिथेच उभा राहिला.

मंगलवहिनीला हॉस्पिटलात नेलं. पोटावरचं जुनं यंत्र लावलं. जाळं बरंच धरलं होतं, पण वेळ गेलेली नव्हती. औषध चालू झालं. मी भेटायला गेलो तेव्हा ती कॉटवर बसून मोसंबी सोलत होती.

"भाऊजी, ह्यांना विचारलंत. मला का नाही विचारलंत? मी लगेच सांगितलं असतं."

"कसं विचारणार वहिनी?"

"तोंडानं." तिने एक फोड माझ्यापुढे धरली. मग हळू म्हणाली, "शालनचंही असंच झालं ना?"

मी फोड घेतली, पण खाल्ली नाही. तिला उत्तर मिळालं.

"अशा अजून किती असतील हो?" ती म्हणाली.

बाहेर पडलो आणि स्नेहलला फोन केला, की ये.

ती रविवारी आली. जिलबी घेऊन आली होती. दोन वर्षं मी जिलबीचं नाव काढलं की तिची आई डोळे वटारायची. स्नेहलने बशीत काढून माझ्या हातात दिली. "खा पप्पा. आता खाऊ शकता तुम्ही."

मी बशी खाली ठेवली. "स्नेहल, आई कुठं झोपायची, सांग."

"म्हणजे?"

"पलंगावर. कुठल्या बाजूला?"

"डावीकडे." तिने क्षणभरही विचार केला नाही. तिची चूक नव्हती. लहानपणापासून ती हॉलमध्ये आजीजवळ झोपली. आम्ही झोपलेलो तिने कधी बघितलं नव्हतं. ती उठायची तेव्हा आई स्वयंपाकघरात असायची.

मी आतल्या खोलीत गेलो. ती मागून आली. मी पलंगावर चढून भिंतीकडे आडवा झालो, नेहमीच्या जागी. पाठीवर झोपलो तशी भिंत माझ्या डाव्या हाताला आली.

"काय करताय पप्पा? बरं वाटत नाही का?"

"इथं बस," मी म्हणालो आणि दाराकडची मोकळी बाजू दाखवली.

ती बसली. बसताना आधाराला पलंगाची कड धरली आणि तिची बोटं थांबली. ती वाकून बघायला लागली. लाल, मरून, एक-दोन हिरव्या. खालच्या जुन्या, रंग उडालेल्या. वरच्या नव्या. तिने एका टिकलीवर नख लावलं, ती सुटून बोटावर आली. तिने ती परत जागेवर चिकटवली आणि अंगठ्याने दाबून धरली.

मी भिंतीला लागून पडलेला, ती वाटेत बसलेली. मला उठताही येईना.

"इरफानचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते," ती म्हणाली.

"हो."

"मी चिडले होते त्याच्यावर. एवढ्यासाठी कशाला फोन करता, म्हणाले." मग म्हणाली, "तेरा आईचं होतं."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"डॉक्टरीणबाईंनी रेघ दाखवली तेव्हा."

"मी तेव्हा फोनवर बोलत होते. फळ आहे म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत."

"तुला सांगणारच नव्हतो."

"मग का सांगितलंत?"

मी तिला मंगलवहिनींचं सांगितलं. इरफानचं सांगितलं, त्याने ती एक गोष्ट घरोघर कशी नेली तेही. ते गाळावं असं वाटत होतं, पण गाळलं असतं तर बाकीचं कळलं नसतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तुझी चूक नाही," मी म्हणालो.

"तुम्ही काही बोलू नका आता, पप्पा."

ती उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने मी बाहेर आलो तेव्हा जिलबी तशीच होती आणि ती लॅपटॉप उघडून बसली होती. आमच्या घरची नोंद तिने पूर्ण उघडून कंपनीकडे पाठवली होती, डॉक्टरांकडे पाठवली होती. इरफान दारात चपला काढत होता. तिनेच बोलावलं होतं त्याला. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"कंपनी महिना लावेल," ती त्याला म्हणाली. "तुम्ही जिथे जिथे बसवल्यात ते नंबर द्या."

"ताई, मी करतो की फोन."

"तुम्हाला विचारता येणार नाही."

तो नंबर देऊ लागला. तिने पहिला लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"काकी, मी कराडची स्नेहल थोरवडे. तुमच्या गादीखालच्या पट्टीचं विचारायचंय. काका राहू देत, तुम्हीच बोला." तिने एकदा श्वास घेतला. "तुम्ही पलंगावर कुठल्या बाजूला झोपता?"

पलीकडे भांडी वाजत होती, ती थांबली. मग ती बाई हसली.

"अगं बाई, हे काय विचारणं. दाराकडं. पहाटे उठावं लागतंय ना."

"दार कुठल्या हाताला येतं, काकी?"

"थांब हां, आडवी होऊन बघते."

आम्ही तिघं थांबलो.

"उजव्या," ती म्हणाली.

स्नेहलने तिला सगळं नीट सांगितलं, उद्याच तपासायला जा म्हणून बजावलं. मग पुढचा नंबर लावला.